प्याला दारापासून

हार चुकीच्या गळ्यात पडला.

जीप आवारात शिरली तेव्हा शाळेची मुलं दोन रांगांत उभी होती आणि दानिएलमामा झेंडूचा जाडजूड हार दोन्ही हातांत धरून पुढे झाले होते. जीपमधून दोघे उतरले. एक विशीतला गोरा पोरगा, खाकी अर्धी चड्डी घातलेला. दुसरा पन्नाशीचा, उंच, काळा सूट, जाड भिंगांचा चष्मा, आणि रंगाने आमच्या गावातल्या कुणाहीपेक्षा काळा. मामांनी क्षणभरही विचार केला नाही. त्यांनी गोऱ्याच्या गळ्यात हार घातला, हात जोडले आणि आठवडाभर माझ्याकडून घोकून घेतलेलं इंग्रजी वाक्य म्हटलं, "वेलकम, रेव्हरंड हॉलोवे."

पोरगा कानापर्यंत लाल झाला. तो नगरहून जीप चालवत आला होता एवढंच. त्याने घाईघाईने हार काढला आणि सूटवाल्या गृहस्थांच्या गळ्यात घातला. मुलांमध्ये खसखस पिकली. मामांना मान वर करवेना.

रेव्हरंड मात्र हसले. मला म्हणाले, "त्यांना सांग, मनाला लावून घेऊ नका. माझ्याच देशात माझ्याबाबतीत हे रोज होतं."

"काय म्हणाले रे?" मामांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. "फार आनंद झाला म्हणाले."

त्यांच्या बोलण्याचं मी केलेलं हे पहिलं मराठी.

ही गोष्ट एकोणीसशे सदुसष्टच्या फेब्रुवारीतली. आमचं सावरखेडा नगर जिल्ह्यातलं, तेव्हा बाराशे वस्तीचं. मी, शमुवेल कसबे, चोवीस वर्षांचा, ख्रिस्ती मंडळीच्या शाळेत इंग्रजीचा मास्तर. नोकरी अजून कायम झाली नव्हती. ती कायम करायची की नाही हे मंडळीचे कारभारी, ज्यांना आम्ही वडील म्हणतो, ठरवणार होते, आणि मंडळीचे वडील म्हणजे दानिएलराव ओहोळ, माझ्या आईचे चुलतभाऊ. आमच्या पाळकसाहेबांची, म्हणजे धर्मगुरूंची, आठ महिन्यांपूर्वी बदली झाली होती आणि नवे आले नव्हते. पाळक नाही म्हणून आठ महिने प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षरसाचा प्याला, नाही. अमेरिकेहून कुणी रेव्हरंड जिल्ह्यात फिरताहेत असं कळल्यावर मामांनी तीन पत्रं धाडून त्यांना एका रविवारपुरतं मागून घेतलं होतं. ते काळे असतील असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. आमच्याकडे अमेरिकन म्हणजे गोरा, हे बायबलमध्ये लिहिलं असावं इतकं पक्कं होतं.

आता आमची मंडळी कशी होती ते सांगितलं पाहिजे. मामांचे आजोबा, माझे पणजोबा, महारवाड्यातून प्रभूकडे आले. त्यानंतर वीस वर्षांनी मांगवाड्यातली काही घरं आली. दोन्ही वाडे गावाबाहेरच. गावाने दोघांनाही सारखंच बाहेर ठेवलं होतं. पण दोन वाड्यांच्या मध्ये एक ओढा होता, आणि बाप्तिस्म्याचं पाणी डोक्यावर पडलं तरी ओढ्याचं पाणी काही आटलं नाही. मंडळीत आम्ही पुढे बाकांवर बसायचो, ओढ्यापलीकडची नऊ घरं मागे दारापाशी तरटावर. कुणी त्यांना तिथे बसा म्हटलं नव्हतं. कुणी विचारलं तर मामा सांगायचे, "ते लांबून येतात, उशीर होतो, मग दारापाशी बसतात." ओढा ओलांडायला चार मिनिटं लागायची.

प्रभुभोजनाचा रस मार्थामामी करायच्या. काळे मनुके रात्रभर भिजवून, उकळून, फडक्याने पिळून. किती मनुके घ्यायचे ते त्यांच्या सासूने ठरवलं होतं, तेव्हाच्या माणसांच्या मानाने. मंडळी वाढली, मनुके वाढले नाहीत. मामा प्याला घेऊन बाकाबाकाने फिरायचे आणि मी मागून सुरई घेऊन प्याला भरत जायचो. सहाव्या बाकाशी सुरई हलकी लागायची. तिथे खिडकीत पाण्याचा तांब्या ठेवलेला असे. मी तो सुरईत ओतायचो. तरटापर्यंत प्याला पोचायचा तेव्हा त्यात नुसता रंग उरलेला असायचा, कधी तोही नाही. हे काम मला कुणी शिकवलं आठवत नाही. आधीचा मास्तर करायचा, म्हणून मी करत होतो.

शनिवारी दुपारी रेव्हरंड म्हणाले, "सगळी घरं बघायची आहेत." मामांनी आमच्या बाजूची सगळी दाखवली. प्रत्येक घरी चहा, प्रत्येक घरी उकडलेलं अंडं. शेवटी रेव्हरंडांनी ओढ्यापलीकडे बोट केलं. "तिकडे कोण राहतं?"

मामा मला म्हणाले, "सांग, उन्हं फार आहेत."

मी सांगितलं. रेव्हरंड म्हणाले, "मी जॉर्जियाचा आहे. मला ऊन माहीत आहे," आणि चालायला लागले. मामा मागेच थांबले. मी गेलो.

शिमोन सकट दारातच दोर वळत बसला होता. धडपडत उठला, "सलाम, सलाम" म्हणत आत घोंगडी अंथरायला पळाला. आत त्याची मुलगी रिबका होती. रिबका माझी विद्यार्थिनी. शाळेतून मॅट्रिक झालेली ओढ्यापलीकडची ती पहिली मुलगी. आता मिरजेला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि आजी आजारी म्हणून सुट्टी काढून आली होती. मी तिला शाळा सुटल्यावर वर्षभर फुकट इंग्रजी शिकवलं होतं, आणि त्याचा मला अभिमान होता. माणसाला आपल्या चांगुलपणाचा हिशेब बरोबर पाठ असतो.

आजी कोपऱ्यात वाकळेवर होती. साराबाई. ऐंशीच्या पुढची, दोन्ही डोळ्यांनी आंधळी. मांगवाड्यातून पहिला बाप्तिस्मा हिने घेतला होता, सोळा-सतरा वर्षांची असताना, नवऱ्याचा मार खाऊन. रेव्हरंड तिच्यापुढे मांडी घालून बसले. तिने हात पुढे करून त्यांचा चेहरा चाचपला, मग केस. थोडा वेळ केसच चाचपत राहिली.

"ह्यो सायेब कसला," ती म्हणाली. "ह्यो तर आपल्यातलाच दिसतोय."

सगळे हसले. रेव्हरंडांनी माझ्याकडे पाहिलं.

"म्हणते, तुम्ही आमच्यासारखेच ख्रिस्ती आहात," मी म्हणालो.

"नाही सर," रिबका इंग्रजीत म्हणाली. उच्चार थोडे मिरजेचे होते, पण वाक्य बिनचूक. "ती ख्रिस्ती म्हणत नाही. ती म्हणते, तुम्ही आमच्या वाड्यातले. दारापाशी बसणारे."

रेव्हरंड हसायचे थांबले. "दारापाशी म्हणजे?"

मग रिबकाने सगळं सांगितलं. तरट, बाक, सुरई, पाण्याचा तांब्या. आवाज न चढवता, वॉर्डातल्या पेशंटची माहिती डॉक्टरला द्यावी तशी. शिमोनला इंग्रजी कळत नव्हतं, पण लेक काय बोलतेय ते त्याला समजलं असावं. तो कसनुसा हसत मला म्हणाला, "गुर्जी, आता काय सांगायचं. काना गावी परभूनं पान्याचा द्राक्षारस क्येला. आमच्याकडं येस्तवर द्राक्षारसाचं पानी व्हतंय." आणि आपल्याच बोलण्याला घाबरून त्याने पुस्ती जोडली, "गंमत क्येली हां. कुनाला सांगू नका."

"म्हातारीची येकच विच्छा हाय," तो पुढे म्हणाला. "साठ-पासष्ट वरसं झाली बाप्तिस्मा घिऊन. मनुक्याची चव काय आसती, ठावं न्हाई तिला. आता किती दीस काढंल? उद्या येकदा खरा रस लागू द्या तिच्या जिभंला. आमी पाठीवर घिऊन यिऊ तिला."

रिबकाने तेही इंग्रजीत सांगितलं. रेव्हरंडांनी मला विचारलं, "सुरईत पाणी कोण घालतं?"

रिबका खाली बघत होती.

"मी," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली, जणू मी वेळ सांगितली. निघताना मी शिमोनच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "उद्या बघतो मी. काळजी करू नको." हे मी अगदी मनापासून म्हणालो होतो. अजूनही मला तसंच वाटतं, आणि म्हणूनच जास्त लाज वाटते.

रविवारी सकाळी मामांनी मला देवळाच्या (चर्चला आम्ही देऊळच म्हणायचो) मागच्या दाराशी गाठलं. काळा कोट, तेल लावून बसवलेले केस, डोळे मात्र न झोपलेले.

"काल तिकडे काय झालं?"

"काही नाही. चहा घेतला त्यांनी."

"घेऊ दे. हे बघ शमू, उपदेशात हा माणूस काही आडवंतिडवं बोलला तर सावरून घे. तुझ्याशिवाय कुणाला कळणार नाही." मग कोटाचं बटण लावत म्हणाले, "तुझ्या कायमच्या ठरावाची बैठक पुढच्या शनिवारी ठेवलीय."

दोन्ही वाक्यं त्यांनी एका दमात म्हटली. मी ती एकमेकांना जोडली.

देऊळ खच्चून भरलं होतं. शिमोनने खरंच आईला पाठीवर आणलं होतं. तिला धुतलेलं पांढरं लुगडं नेसवून दाराच्या चौकटीला टेकवून बसवलं होतं, आणि शेजारी रिबका होती. रेव्हरंड व्यासपीठावर उभे राहिले, मी त्यांच्या डाव्या हाताला.

ते सावकाश बोलायचे. दोन-तीन वाक्यं झाली की थांबायचे. त्यांनी आपल्या आजीची गोष्ट सांगितली. आजी गोऱ्यांच्या देवळात जायची तेव्हा तिला खाली बसता येत नसे. बाहेरून शिडी होती, तिने माळ्यावर चढायचं. खाली सगळ्यांचं प्रभुभोजन आटोपलं की प्याला वर यायचा. कधी त्यात घोट असे, कधी नुसता वास. आजी म्हणायची, "आम्ही प्रभूचं उष्टं खाऊन मोठे झालो." शेवटी एके रविवारी त्यांचे लोक त्या शिडीवरून उतरले, ते परत चढले नाहीत. झाडाखाली त्यांनी आपली मंडळी केली.

इथपर्यंत मी एक शब्दही गाळला नाही. उलट माझं मराठी त्या दिवशी चांगलं वाहत होतं. बाकांवरच्या बायका पदराने डोळे टिपत होत्या. मार्थामामींना तर हुंदका आवरेना. "कसली माणसं म्हणायची ती," त्या शेजारणीला म्हणाल्या. "एका प्रभूची लेकरं, आणि माळ्यावर बसवायची!" त्यांच्या मागे चार बाकं सोडून तरट होतं.

मग रेव्हरंडांनी मेजावरची भाकर मोडली, ती वाटून झाली. त्यांनी प्याला उचलला, आशीर्वाद दिला, आणि खाली उतरून तो मामांच्या हातात दिला. पण हात सोडला नाही. मामांच्या डोळ्यांत बघत ते बोलू लागले. आता ते थांबत नव्हते. एका दमात बोलले.

ते जे म्हणाले ते मला आजही जसंच्या तसं पाठ आहे. ते म्हणाले, "बंधू, माझ्या आजीची आठवण म्हणून मी तुमच्याकडे एक मागतो. आज प्याला दारापासून सुरू करा. तिथे एक म्हातारी बसली आहे, तिला पहिला घोट द्या. मी स्वतः नेऊ शकतो, पण मी पाहुणा आहे. मी नेला तर उद्या मी जाईन आणि प्याला पुन्हा पुढे येईल. तुम्ही नेला तर तो तिथेच राहील. माझ्या आजीसाठी हे कुणी केलं नाही. तुम्ही करा."

आणि ते माझ्याकडे वळले.

मामा माझ्याकडे बघत होते. त्यांच्या कपाळावर घाम होता. मी दाराकडे पाहिलं. रिबका गुडघ्यांवर उठून बसली होती. तिचा एक हात आजीच्या पाठीमागे होता, आजीला सरळ बसवायला. तिने सगळं ऐकलं होतं. आता फक्त ते मराठीत यायचं राहिलं होतं.

मी म्हणालो, "रेव्हरंड म्हणतात, हा प्रभूचा प्याला आहे. सर्वांनी शांत मनाने, रीतीप्रमाणे घ्यावा."

नोकरीची भीती होती. ते खरंच आहे, आणि इतकी वर्षं मी तेच कारण स्वतःला सांगत आलो. पण तेवढंच नव्हतं. त्या क्षणी माझ्या मनात आलं ते असं होतं, की तरटावरून आलेला प्याला मग मला प्यावा लागेल. माझ्या आईला प्यावा लागेल. मी रिबकाला इंग्रजी शिकवलं होतं, तिच्या घरी चहा घेतला होता, पण त्या चहाची कपबशी शिमोनने आमच्यासाठी वेगळी, फडक्यात गुंडाळून ठेवलेली होती, आणि ते मला बरं वाटलं होतं. हे मला तिथे, देवळात, प्रभूच्या मेजापुढे कळलं. कळूनही मी ते वाक्य परत घेतलं नाही.

मामांनी सुटकेचा श्वास टाकला आणि प्याला घेऊन नेहमीप्रमाणे पहिल्या बाकाशी गेले.

रेव्हरंड जागच्या जागी उभे राहिले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मी सुरई उचलली. पहिलं बाक, दुसरं, तिसरं. सहाव्या बाकाशी सुरई हलकी लागली. खिडकीत तांब्या होता. आता तरी पाणी घालू नये, असं मी स्वतःला बजावत होतो. पण पुढे एकोणतीस माणसं उरली होती आणि रस चार घोटांचा. माझ्या हाताने तांब्या उचलला.

साराबाईच्या ओठांना मामांनी प्याला लावला तेव्हा तिने तोंड किती मोठं उघडलं होतं! घोट घेतला. क्षणभर तोंडात धरला. मग गिळला, आणि पदराने ओठ पुसून "आमेन" म्हणाली. रिबकाची पाळी आली. तिने प्याला बघितला, न पिता शेजारच्या बाईकडे दिला आणि माझ्याकडे पाहत राहिली. मी सुरई छातीशी धरून उभा होतो. तोंड उघडून ती एक शब्द बोलली असती तरी पुरे होतं. ती बोलली नाही.

जेवणानंतर जीप निघाली. मामांनी पाहुण्यांपुढे कोंबडी ठेवली होती, शिरा ठेवला होता. रेव्हरंडांनी पोळीच्या चार घासांवर भागवलं. जीपमध्ये बसताना त्यांनी माझा हात हातात घेतला.

"त्यांना सांग, मी रागावलेलो नाही," ते म्हणाले. "खाली बसणाऱ्या माणसांना मी ओळखतो. त्यांनी माझं ऐकलं आणि नाही म्हटलं. निदान ऐकलं तरी. माझ्या आजीच्या वेळी कुणी ऐकूनही घेतलं नव्हतं. त्यांना नीट कळलं ना, मी काय मागितलं ते?"

"हो," मी म्हणालो. "कळलं."

जीप गेली. धुरळा खाली बसेपर्यंत मी उभा होतो. शिमोन मागून आला. "गुर्जी, सायेब आमच्यासाठी दोन शबूद बोलतील वाटलं व्हतं," तो म्हणाला. "म्हातारीनं त्येंच्या तोंडावरून यवढा हात फिरावला काल. इसरलं आसतील. मोठ्या मान्सांच्या मागं हजार कामं." त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. म्हणजे रिबकाने त्याला सांगितलं नव्हतं.

दिवस मावळायला मी मामींच्या स्वयंपाकघरात गेलो. पाहुण्यांसाठी म्हणून त्यांनी दोन वाट्या रस, पाणी न घातलेला, झाकून ठेवला होता, आणि पाहुण्यांनी तो घेतला नव्हता. मी तो औषधाच्या बाटलीत ओतला आणि ओढा ओलांडला.

रिबका दारातच होती. मला बघून बाजूला झाली. मी साराबाईपाशी बसलो, बूच काढलं आणि बाटली तिच्या हातात दिली. तिने ती नाकाशी नेली. वास घेताना सगळ्या सुरकुत्या हलल्या.

"मनुकं हायेत," ती म्हणाली.

"हो आजी. खरा रस. पाणी नाही घातलेलं. घ्या."

तिने बाटली तोंडाला लावली नाही. "कुनी धाडला? मंडळीनं?"

खोटं बोलायला इथे काहीच अडत नव्हतं. पण दिवसभरात तेवढं एकदाच मला खोटं बोलता आलं नाही. "नाही. मीच आणला."

"मंग हे सरबत झालं, लेकरा," ती म्हणाली. "सगळ्यांच्या संगट घोट मिळाला तर तो परभूचा. चोरून घरी आणला त्यो निस्ता गोड." तिने बाटली मला परत मात्र केली नाही; नातवंडांना हाक मारली. "या रं पोराहो. मास्तरनं सरबत आनलंय."

पोरांनी घोट घोट करून दोन मिनिटांत बाटली संपवली.

बाहेर पडताना मी रिबकाला म्हणालो, "काल तू मला टोकलंस. आज का नाही बोललीस?"

ती म्हणाली, "काल घर आमचं होतं, सर."

एवढंच. मी चार पावलं गेल्यावर तिने पुन्हा हाक मारली. मला वाटलं, काही बोलेल, चिडेल, आणि मला हलकं वाटेल. तिने मोकळी बाटली धुऊन आणली होती. ती माझ्या हातात दिली आणि आत गेली.

पुढच्या शनिवारी माझी नोकरी कायम झाली. मी एकतीस वर्षं त्या शाळेत इंग्रजी शिकवलं. रिबका नर्स झाली, पुढे कुठेतरी मेट्रन झाली असं ऐकलं. सावरखेड्याच्या देवळात तिने परत पाऊल टाकलं नाही. आता देवळात तरट नाही, सगळे खुर्च्यांवर बसतात. रस छोट्या छोट्या प्याल्यांतून येतो, ज्याचा त्याला. स्वच्छतेसाठी, असं सांगतात. शिष्य पेत्राने प्रभूला तीनदा नाकारलं, पण तो बाहेर जाऊन ढसाढसा रडला तरी. मला तेही जमलं नाही.

मामांना जाऊन आता चाळीस वर्षं होतील. साराबाईच्या मातीच्या दिवशी ते जे बोलले ते सांगायचं राहिलं.

साराबाई त्याच वर्षी पुनरुत्थानाच्या सणाआधी, म्हणजे ईस्टरआधी, आठ दिवस गेली. मामा मातीला आले होते. शिमोनने खड्ड्यापाशी रडत रडत, कुणाला उद्देशून नाही असं, म्हटलं, "शेवटपत्तुर मनुक्याची चव न्हाई लागली गं तुला, आये." मामांनी ते ऐकलं. परतताना आम्ही ओढ्याजवळ आलो. मग म्हणाले, "शमू, ही मनुक्याची काय भानगड?"

मी सांगितलं. पाण्याच्या तांब्याचंही सांगितलं. ते चालता चालता थांबले.

"तांब्या ठेवलेला असतो ते ठाऊक होतं. पण चवच उरत नाही, हे मला कुणी बोललं नाही कधी."

"कोण बोलणार, मामा?"

"तेही खरं," ते म्हणाले. मग पुन्हा चालायला लागत म्हणाले, "तो साहेब आला होता ना, त्याने जरी मला म्हटलं असतं. तुला सांगतो, त्या दिवशी हार चुकला आणि मला दोन रात्री झोप नाही. आपल्याला गाव शिवत नव्हतं तेव्हा आजोबांना कसं वाटत असेल, तसं मी त्या माणसाला वाटायला लावलं. मी देवाला म्हणत होतो, याने माझ्याकडे काहीतरी मागावं. काहीही मागू दे, मी नाही म्हणणार नाही. म्हातारीला पहिला घोट दे म्हणाला असता, तरी नेला असता प्याला. लोक कुरकुरले असते. मी म्हटलं असतं, पाहुण्याचा शब्द आहे, मोडायचा नाही. एकदा गेला असता तर गेलाच असता मग."

मी म्हणालो, "तुम्ही तर मला सावरून घ्यायला सांगितलं होतंत."

"अरे, ते धर्मांतराबिर्मांतराचं काही बोलला असता तर! तालुक्याहून पोलिसांचा माणूस पाहुण्यावर नजर ठेवायला येऊन बसला होता ना खिडकीबाहेर." ते ओढ्याच्या काठावर वाकून वहाणा काढू लागले. मग काहीतरी आठवून त्यांनी मान वर केली. "पण काय रे, प्याला देताना माझा हात धरून केवढा वेळ बोलत होता तो. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. आणि तू दोन वाक्यांत उरकलंस. काय म्हणत होता?"

मी मामांकडे बघितलं. साठी उलटलेला माणूस, एका हातात वहाणा, खरंच विचारत होता.

"आभार मानत होते," मी म्हणालो. "सगळ्यांचे."

"भला माणूस," मामा म्हणाले, आणि धोतर सावरत ओढ्यात उतरले.